माने काकूंच्या छतातला आवाज

आधी हातातला कप खाली ठेवा. हो, ठेवाच. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना माझ्या नणंदेनं सोफ्यावर चहा सांडला, तो डाग अजून तिथं आहे. हसायचं तर मोकळेपणानं हसा, माझी ना नाही. फक्त शेवटी ‘मग चॉकलेट सोडलंस का गं?’ असं विचारायचं नाही. नाही सोडलं! का सोडू?

तर मी घरी चॉकलेट बनवते. नेरूळला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि हॉलच्या फ्लॅटमध्ये. ते बाजारातली लादी वितळवायची, साच्यात ओतायची आणि चमचमत्या कागदात गुंडाळायची, तसलं नव्हे हं. ते कुणीही करतं. मी कोकोच्या बियांपासून सुरुवात करते. बिया केरळातून येतात. त्या भाजायच्या, लाटण्यानं फोडायच्या, सासूबाईंच्या सुपात पाखडून सालं उडवायची, आणि मग इडलीच्या पिठाच्या ग्राइंडरमध्ये घालायच्या. तळाला दगड, वर दोन दगडी चाकं. दोन दिवस आणि दोन रात्री तो ग्राइंडर अखंड चालू ठेवावा लागतो. मधेच बंद केला की चॉकलेट गार होऊन घट्ट होतं आणि चाकं आत रुतून बसतात. म्हणून एकदा लावला की लावला, मग घरात कुणाचं लग्न निघालं तरी मी तो बंद करत नाही.

एवढंच करत असते तर प्रश्न नव्हता. पण मला छंद आहेत. आमचे हे म्हणतात, ‘छंद नाहीत ते, साथीचा रोग आहे.’ म्हणू देत. मी कापडावर ठसे छापते. गोधड्या शिवते. गॅलरीत मातीची भांडी वळायचं चाक आहे, त्याच्या शेजारी कपडे वाळतात, आणि ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर मातीचे शिंतोडे असले तर आता ऑफिसातही कुणी विचारत नाही. सोमवारी पेटीचा क्लास. दिवाळीत अलिबागला गेलो होतो, तिथून किनाऱ्यावरचे पिशवीभर दगड आणलेत, त्यांचे दागिने करायचेत. वर सगळं घर आहेच. हे न्हावा शेव्याला कस्टमच्या कागदपत्रांचं काम करतात, त्यांचा डबा सकाळी साडेसहाला तयार लागतो.

लोक विचारतात, ‘शुभांगी, एवढं सगळं जमतं कसं तुला?’

मी सांगते, ‘जमतं! कारण मी एकही गोष्ट विसरत नाही.’

हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

ह्या वर्षी संक्रांतीला आमच्या सोसायटीच्या बायकांनी ठरवलं, रथसप्तमीला सगळ्यांचं मिळून एकच हळदीकुंकू करायचं आणि वाण म्हणून माझं तीळगुळाचं चॉकलेट द्यायचं. आजवर वाण म्हणजे काय? चहाची गाळणी, साबणाची डबी, नाहीतर प्लास्टिकची ती वाटी जी पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडून आपल्यालाच परत मिळते. आणि ह्या वर्षी माझं चॉकलेट! साठ बायकांना! इतकी वर्षं ‘हिचे उद्योग’ म्हणून नाकं मुरडणाऱ्या बायकांच्या हातात माझ्या हातचं चॉकलेट जाणार होतं. मला काय वाटलं असेल विचार करा.

आणि तेवढ्यात दारावर माने काकू.

माने काकू आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतात. मूळच्या साताऱ्याकडच्या, रिटायर्ड शिक्षिका. एकट्याच असतात. पदर खोचून दारात उभ्या राहिल्या की वाटतं, आता गृहपाठाची वही मागणार.

‘शुभांगी, तुझं ते यंत्र बंद करशील का बाळ?’

‘का हो काकू?’

‘माझ्या झोपायच्या खोलीच्या छतातून घरघर येतीय. दिवसरात्र. तीन आठवडे झाले, डोळ्याला डोळा नाही.’

तीन आठवडे! मी तिथंच त्यांना पकडलं. ‘काकू, माझा ग्राइंडर एका वेळी दोन दिवस चालतो. ह्या महिन्यात एकदाच लावलाय. तीन आठवडे कुठून आणलेत?’

‘मी आणले नाहीत, वरून आलेत.’

‘भास होत असेल.’

‘हे बघ, पस्तीस वर्षं वर्गावर काढलीत मी. मागच्या बाकावरची कुजबुज मला फळ्याकडं तोंड करून ऐकू यायची.’

‘मग तीच राहिली असेल कानात! कानाच्या डॉक्टरला दाखवा एकदा.’

बोलून गेले खरी. तेही तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणायच्या आठवड्यात! पण मागे हटायचं माझ्या रक्तात नाही. काकू पदर सावरत जिना उतरून गेल्या.

चार दिवसांनी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी, एक कागद लागला. माने काकूंच्या कानांचा रिपोर्ट. ‘श्रवणशक्ती उत्तम’. ‘उत्तम’च्या खाली लाल पेनाने दोन रेघा.

माझं डोकंच फिरलं! सगळ्या बिल्डिंगीनं तो कागद वाचला. भाजीवाल्यानंही वाचला असेल. मी घरात येरझाऱ्या घालत बडबडत होते, तर हे पेपर खाली करून म्हणाले, ‘अगं, मला वाटतं, मुग्धाच्या खोलीत ते जे…’

‘तुम्ही मधे बोलू नका!’

हे परत पेपरात गेले. (मुग्धा म्हणजे आमची मुलगी. पुण्याला नोकरीला असते.)

मग प्रकरण गेलं मीटिंगला. आमचे सेक्रेटरी म्हात्रे दादा, शिरवण्याचे. माणूस शांत, पण सोसायटीच्या रजिस्टरवर त्यांची देवावर असावी तशी श्रद्धा. रविवारी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकल्या, आणि त्यांनी विषय काढला, ‘घरात दिवसरात्र यंत्र चालवायला बंदी करायची का, त्याव मत घ्यायचं हाय.’

बंदी? हळदीकुंकवाला नऊ दिवस उरलेले, आणि बंदी?

मी उठले. ‘कुणाच्या घरात यंत्र नाही हो? मिक्सर नाही? वॉशिंग मशीन नाही? पहिल्या मजल्यावर पहाटे पाचला व्यायामाची सायकल चालते, ती काय फुलपाखरू आहे? माझ्याच ग्राइंडरवर डोळा का? पुरावा द्या!’

‘वयनी, बसा. आवाज येतंय आसं त्या म्हनतात…’

‘त्या म्हणतात! मी म्हणते नाही येत! आणि लिहून घ्या दादा, तुमच्या त्या रजिस्टरमध्ये लिहून घ्या. हा आवाज माझ्या घरातनं निघतो असं सिद्ध झालं, तर ग्राइंडर उचलून मी माने काकूंच्या ओट्यावर नेऊन ठेवीन. कायमचा! त्यांनी खुशाल इडलीचं पीठ वाटावं त्यात!’

हे शेजारी बसले होते, त्यांनी माझा पदर ओढला. मी तो झटकून घेतला. म्हात्रे दादांनी एकेक अक्षर काढत सगळं लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मी त्याखाली सही केली. सही! ऐटीत!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परीक्षा. माझा ग्राइंडर चालू. मी, म्हात्रे दादा आणि काकू, तिघं काकूंच्या झोपायच्या खोलीत. आणि खरं सांगायचं तर आवाज येत होता. घर्र… घर्र… घर्र… बारीक, पण एकदा ऐकू आला की जाता जात नाही असा. काकूंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. मी तिकडं बघायचं टाळलं.

वर ह्यांना फोन केला. ‘करा बंद!’

‘केला.’

घर्र… घर्र… घर्र…

आवाज चालूच! मी नुसती उडी मारायची बाकी होते. ‘ऐका! ऐका दादा! ग्राइंडर बंद आहे आणि आवाज चालू आहे! आता बोला!’

फोनमधून हे म्हणाले, ‘अगं, पण ऐक ना, इथं तो…’

‘ठेवा फोन! आणि ग्राइंडर चालू करा लगेच, चाकं रुततील!’

काकूंनी एकदा छताकडे बघितलं. मग टेबलावरचा डबा उघडून त्यांनी माझ्या हातावर तिळगुळाचा लाडू ठेवला. ‘चुकलं माझं. तुझ्यावर आळ घेतला. गोड बोल.’

आता एखादी शहाणी बाई काय करेल? लाडू खाईल आणि घरी जाईल. जिंकले होते हो मी! हेसुद्धा रात्री जेवताना तेच म्हणाले, ‘जिंकलीस ना? आता बस कर.’

पण मी? मी बस करणाऱ्यातली असते तर आमच्या गॅलरीत चाक कशाला असतं? मला आता खरा चोर हवा होता. तीन आठवडे आळ माझ्यावर, आणि खरा माणूस मजेत बसलाय कुठंतरी! मी बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, प्रत्येक घराचा मेन स्विच पाडून तपास करा. कुणी उत्तर दिलं नाही तर परत लिहिलं. मग म्हात्रे दादांच्या दारात जाऊन बसले.

‘वयनी, जाऊ द्या ना आता.’

‘का जाऊ द्या? काकूंना झोप नाही, दादा! म्हाताऱ्या बाईची काही दया आहे की नाही?’

बघा. काकूंचा पुळका आता मला.

शेवटी रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी सकाळी तपास ठरला. आमच्या भागातले इलेक्ट्रिशियन हनीफभाई, उरणकडचे, ते खाली मीटरच्या खोलीत. त्यांच्याजवळ म्हात्रे दादा, कानाला फोन लावून. मी आणि काकू त्या खोलीत, छताखाली. आणि वर माझ्या ग्राइंडरमध्ये वाणाचं सगळं चॉकलेट, साठ बायकांचं, रात्रभर फिरून छान मऊ झालेलं.

आमच्या विंगची सोळा घरं. एकेक स्विच पाडायचा आणि ऐकायचं. आवाज थांबला नाही तर स्विच परत चढवायचा, असं हनीफभाईंचं म्हणणं. मी म्हटलं, ‘अजिबात नाही! दोन घरांतून मिळून येत असेल तर? पाडलेला स्विच पडलेलाच राहू दे.’

‘ताई, लोक मारतील मला.’

‘मी आहे ना!’

पहिलं घर, आवाज चालू. दुसरं, चालू. तिसऱ्या घरात कुणीतरी मॅच बघत होतं, त्यांची शिवी वरपर्यंत आली. पाचव्या घरात अर्धी चटणी मिक्सरमध्ये. सातव्या घरातले गृहस्थ अंगाला साबण लावून गीझरखाली उभे होते, ते टॉवेल गुंडाळून जिन्यात आले. ‘कोण आहे रे तिकडं!’

मी खिडकीतून ओरडले, ‘सत्यासाठी थोडं गार पाणी सोसा!’

अहो, खरंच असं ओरडले मी. आठवलं की आजही कानशिलं तापतात.

दहा. बारा. जिन्यातले दिवे. पाण्याचा पंप. चौदा. पंधरा. सगळी बिल्डिंग बंद. जिन्यात माणसं जमलेली, लहान मुलं खेळ सुरू असल्यासारखी टाळ्या वाजवतायत. आणि छतातून घर्र… घर्र… घर्र…

‘काय हो हे?’ मी फोनवर म्हटलं. ‘सगळे झाले ना?’

म्हात्रे दादा म्हणाले, ‘वयनी, येक र्‍हायलाय.’

‘कुणाचा?’

‘तुमचा.’

मी हसले. देवाशप्पथ, हसले. ‘माझी परीक्षा झाली आहे, दादा! पण तुमच्या मनात शंका नको. पाडा! सगळ्यांच्या देखत पाडा!’

खट्.

शांतता. नेरूळमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. खालच्या झाडावरचा कावळा ऐकू आला.

काकू हळूच म्हणाल्या, ‘थांबला.’

‘योगायोग!’ मी म्हटलं. ‘दादा, चढवा परत.’

घर्र… घर्र…

‘पाडा.’

शांतता.

‘चढवा.’

घर्र…

पाच वेळा करायला लावलं मी. पाच वेळा! शेवटी हनीफभाईंनी फोन घेतला. ‘ताई, आता स्विचच जळेल.’ आणि स्विच पाडून ठेवला.

सगळा जिना माझ्या मागून तिसऱ्या मजल्यावर आला. मी अजूनही म्हणतेय, ‘फ्रिज असेल! फ्रिजचा कॉम्प्रेसर कधी कधी…’ तर हे दारातच उभे होते. नुसते वळले, मुग्धाच्या खोलीत गेले, आणि पलंगाखालून एक मोठा थर्माकोलचा खोका ओढून काढला. खोका ठेवला होता माझ्याच हातच्या दोन गोधड्यांवर.

खोक्यात मोटरवर बसवलेला एक गोल डबा. दगड घासून गुळगुळीत करायचं यंत्र. अलिबागचे दगड! मुग्धा नाताळाची सुट्टी संपवून पुण्याला गेली, त्याच दिवशी मी ते लावलं होतं. चार आठवडे सतत फिरू द्यायचं आणि मधे उघडायचं नाही, असं व्हिडिओत सांगितलं होतं. आवाज नको म्हणून खाली गोधड्याही मीच घातल्या होत्या. मग संक्रांत आली, वाण आलं, भांडण आलं, आणि एकही गोष्ट न विसरणारी ही बाई ते साफ विसरली.

‘तुम्हाला माहीत होतं?’ मी ह्यांच्यावर खेकसले.

‘मी रोज ह्याच खोलीत इस्त्री करतो.’

‘मग सांगितलं का नाही?’

‘मधे बोलू नका म्हणालीस.’

जिन्यातल्या माणसांना हसायला तेवढं पुरे झालं. साबणवाले गृहस्थ तर भिंतीला टेकले.

डबा उघडला. निदान दगड तरी! पाच आठवडे फिरून त्यातले जे सुंदर लाल दिसत होते ते नाहीसेच झाले होते. विटांचे तुकडे होते ते. उरलं काय, तर वाटीभर चिखल आणि शेंगदाण्याएवढे सात काळे खडे.

तरी मी उभीच होते बरं का. ‘पण आवाज ग्राइंडरचा नव्हता! मी पहिल्यापासून सांगत होते, ग्राइंडरचा नव्हता!’

म्हात्रे दादांनी काखेतलं रजिस्टर उघडलं, चष्मा लावला आणि वाचलं, ‘हा आवाज माज्या घरातनं निघतो आसं सिद्ध झालं, तर. घरातनं, वयनी. तुमीच लिवायला लावलंत. खाली सही हाय.’

आणि ह्या सगळ्या गोंधळात तासभर वीज बंद. जानेवारी संपता संपताची गार सकाळ. धावत स्वयंपाकघरात गेले तर चॉकलेट दगड झालेलं, चाकं आत गच्च. साठ बायकांचं वाण, परवा हळदीकुंकू, आणि ग्राइंडर हलेना. तेव्हा मात्र माझा आवाज बसला. रडूच आलं मला, सगळ्यांसमोर.

काकू पुढे आल्या. ‘रडतीस काय? शब्द दिलास ना? उचला रे.’

हनीफभाई आणि म्हात्रे दादांनी तो ग्राइंडर चॉकलेटसकट उचलून खाली काकूंच्या ओट्यावर ठेवला. मी मागून, सुतकात असल्यासारखी. हनीफभाई जाऊन सगळे स्विच चढवून आले. काकूंनी कपाटातून केस वाळवायचं मशीन काढलं, प्लग लावला, आणि गरम हवा सोडत बसल्या. दीड तास आम्ही दोघी आळीपाळीनं ते धरून बसलो होतो.

‘काकू, चुकलं माझं.’

‘कशाबद्दल? आवाजाबद्दल, का कानाबद्दल?’

‘कानाबद्दल.’ आवाज मी मुद्दाम केला नव्हता, त्याची माफी मी आजही मागणार नाही.

चाकं सुटली. चॉकलेट परत फिरायला लागलं. रथसप्तमीला साठ बायकांच्या हातात माझं वाण गेलं, आणि एकीनंही नाक मुरडलं नाही. दोघींनी तर दुसरं मागितलं.

ग्राइंडर मात्र खालीच राहिला. ‘शब्द म्हणजे शब्द,’ काकू म्हणाल्या. मी हरले नाही हं. ग्राइंडर लावायचा असला की बियांचा डबा घेऊन खाली जाते, गिरणीत दळण न्यावं तशी. पण गंमत अशी झाली की बघता बघता काकूही शिकल्या. आता त्यांचं स्वतःचं आलेपाकाचं चॉकलेट निघालंय. पहिल्या मजल्यावरून ऑर्डर, शेजारच्या विंगमधून ऑर्डर. ग्राइंडर आठवडेच्या आठवडे थांबत नाही. आणि काकूंच्या स्वयंपाकघरावर आमचं स्वयंपाकघर, त्याला लागूनच आमची झोपायची खोली.

हे घोरत झोपतात. मी जागी. जमिनीतून येतं, घर्र… घर्र… घर्र…

आठ दिवस सोसलं. परवा न राहवून खाली गेले. ‘काकू, रात्री जरा बंद ठेवता का हो? आवाज येतो वर.’

काकू चॉकलेट ढवळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘भास होत असेल बाळ. कानाचे डॉक्टर आहेत चांगले, तुझ्याच सल्ल्यानं गेले होते मी. नंबर देऊ?’

घेतला नंबर! मी काय घाबरते? पुढच्या मीटिंगला पुरावा हातात हवा. काल जाऊन आले, रिपोर्ट नोटीस बोर्डावर लावलाय. माझेही कान उत्तम आहेत.